फ फारमचा

आर्णीच्या मेन रोडवर एक कृषी केंद्र आहे. तिथे खताच्या पोत्यांच्या थप्पीला लावून ठेवलेल्या बाकावर आपली लेक बसलेली गौहरने पाहिली, त्याला आठ दिवस होऊन गेले. तरी ते चित्र डोळ्यांपुढून हलायला तयार नव्हतं. कणीक भिजवताना तोच बाक. नमाजाआधी हातपाय धुताना, वजू करताना तोच बाक. दुपारी जरा पाठ टेकावी तर पुन्हा तोच.

बाकावर बसलेल्या कहकशांने चपला काढून ठेवल्या होत्या. पाय असे सुजले होते की पट्ट्यांचे वळ जीपच्या खिडकीतूनही दिसले. मांडीवर निळी फाईल, फाईलवर दोन्ही हात आणि नजर समोरच्या काउंटरवर. काउंटरमागे दुकानाचा मालक अमर एका शेतकऱ्याला हरभऱ्यावरच्या अळीचं औषध समजावून सांगत होता. घाई कसलीच नव्हती. शेतकरी गेला की तो मोबाइल पाहायचा, मोबाइल पाहून झाला की पोत्यांवरची धूळ झटकायचा. बाकाकडे मात्र पाहायचा नाही.

गौहर दारव्ह्याहून लेकीला भेटायला निघाली होती. रस्त्यात ट्रॅक्टर आडवा आला आणि तिची जीप नेमकी त्या दुकानासमोर सात-आठ मिनिटं अडकून पडली. तिने हाक मारली नाही. आपण पाहिलं हे लेकीला कळू नये, एवढंच तिला त्या वेळी सुचलं. ओढणी पुढे घेऊन ती दुसऱ्या खिडकीकडे तोंड करून बसली.

अमरकडे शिक्का होता. नगरसेवकाचा शिक्का. तशी नगरसेविका त्याची बायको. पण शिक्का दुकानाच्या खणात, पावतीबुकाशेजारी राहायचा. कागद आला की अमर तो वाचायचा, सहीची जागा बोटाने दाखवायचा आणि मग बायको सही करायची. कहकशां त्याच निवडणुकीत, त्याच वॉर्डातून उभी होती आणि सव्वीस मतांनी पडली होती. पडली, तरी गल्लीतल्या बायांचे कागद घेऊन त्या शिक्क्यासाठी तीच तिथे जाऊन बसत होती.

रमजान तोंडावर आला होता. त्या पायांनी ही सगळे रोजे धरणार आणि रोजा धरूनच त्या बाकावर बसणार, हे गौहरला पक्कं माहीत होतं. पोटी तीच एक. तिचा हट्टीपणा आईइतका कोणाला ठाऊक असणार?

*

कहकशां हे नाव गौहरनेच ठेवलेलं. गौहर दारव्ह्याच्या कॉलेजातून मराठी घेऊन बी.ए. झालेली, तिच्या मोहल्ल्यात तेव्हा एवढी शिकलेली दुसरी मुलगी नव्हती. लेक झाली तेव्हा सासूला साधंसुधं, चारचौघींसारखं नाव हवं होतं. गौहर अडून बसली. कहकशां म्हणजे आकाशगंगा. माझी मुलगी आकाशगंगाच. नवरा जफर शिंपी होता, वादात पडणारा नव्हता. मशीनवर बसल्या बसल्या त्याने ते नाव तीनदा उच्चारून पाहिलं, तिन्ही वेळा अडखळला आणि म्हणाला, "रख ले. पण राशन कार्ड लिहिणारा रडेल."

तो रडला नाही. त्याने सरळ 'ककशा' लिहून दिलं. शाळेच्या दाखल्यावर 'कहकश' झालं, दहावीच्या गुणपत्रिकेवर 'खैकशा'. दर वेळी गौहर लेकीचं बोट धरून त्या त्या ऑफिसात जायची आणि नाव दुरुस्त केल्याशिवाय उठायची नाही. कोणत्या खिडकीत कोणता कागद द्यायचा, साहेब जेवायला कधी जातात, 'उद्या या' म्हटल्यावर उभंच कसं राहायचं, हे कहकशां आठ-दहा वर्षांची असतानाच शिकली. आईच्या हट्टापायी शिकली.

पुढे तिचं बी.कॉम. झालं, लग्न झालं. नवरा मुजफ्फर, आर्णीत दर्ग्याच्या मागे त्याचं दुचाकी दुरुस्तीचं गॅरेज. घर गॅरेजच्या वर नाही की खाली नाही, अगदी लागून. घरापुढे ओटा. लग्नाच्या दुसऱ्याच वर्षी शेजारणीच्या बाळंतपणाचे कागद तहसीलमधून परत आले. कहकशांने ते ओट्यावर बसून नीट भरून दिले आणि ते मंजूर झाले. तिथून सुरू झालं. मग श्रावणबाळ, निराधार, शिष्यवृत्ती, राशन कार्डात सुनेचं नाव, आधारवर चुकलेली जन्मतारीख. मधली काही वर्षं नगरपरिषदेत निवडणूकच झाली नाही, प्रशासक बसलेला. माणसांनी जायचं तर कोणाच्या दारी? मग ती या ओट्यावर येऊ लागली. दर्ग्यामागच्या मोहल्ल्यातल्या, पलीकडच्या बंजारा वस्तीतल्या, बौद्ध पुऱ्यातल्या. सही लागली तर नगरसेवकाऐवजी सरकारी अधिकाऱ्याचीही चालायची, म्हणून कहकशां सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांकडे जायची. ते भले होते, पाहून सही द्यायचे.

मुजफ्फर हसायचा. "अम्मी, मेरे पास बंद गाडियां आती हैं, इसके पास बंद पडे हुए लोग. गाडीवाले मजुरी तरी देतात."

तिला कहकशां कोणीच म्हणत नव्हतं. ते नाव त्या गल्लीच्या जिभेत बसलंच नाही. ती होती फारम बाजी, फॉर्म भरून देणारी ताई. कोणातरी पोरीने खडूने दारावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'फारम बाजी'. पुसलं की दुसऱ्या दिवशी पुन्हा लिहिलेलं. शेवटी मुजफ्फरनेच गॅरेजमधला पिवळा ऑइलपेंट घेऊन ते पक्कं करून टाकलं.

गौहरला ते दारावरचं नाव कधी आवडलं नाही. येता-जाता ती त्याकडे न पाहता आत शिरायची.

*

निवडणूक लागली, वॉर्डातली एक जागा महिलेसाठी राखीव निघाली आणि बायांनीच तिला धरलं. कहकशां आधी नाहीच म्हणाली. पण डॉक्टरांची बदली झाली होती, नव्या डॉक्टरांना सह्या देण्याची भीती वाटत होती आणि ओट्यावर आधार दुरुस्तीचे बावीस कागद सहीविना पडून होते.

"अम्मी, शिक्का आपल्याच घरात आला तर किती चकरा वाचतील," ती म्हणाली. राजकारणाचं तिच्या डोक्यात एवढंच होतं.

अपक्ष म्हणून अर्ज भरायचा ठरला. अर्ज ऑनलाइन. गौहर त्या वेळी आर्णीतच होती, लेकीच्या शेजारी बसून पाहत होती. हजारो अर्ज भरलेली तिची बोटं सरसर चालत होती. मतपत्रिकेवर नाव कसं हवं, या रकान्यापाशी आल्यावर तिने लिहिलं: शेख कहकशां उर्फ फारम बाजी.

"हे काय?" गौहर म्हणाली.

"लोकांना ओळखू यायला हवं ना, अम्मी."

"ओळखू यायला? तू काय मेळ्यातली पाळणेवाली आहेस? उर्फ लावतात ते पहिलवान. माझ्या मुलीचं नाव आयुष्यात एकदा सरकारी कागदावर धड छापून येणार, त्याला हे शेपूट कशाला?"

"अम्मी, त्यांना कहकशां म्हणताच येत नाही."

"म्हणायचं कुठंय? बटण दाबायचंय. काढ ते."

कहकशां आईकडे पाहून जराशी हसली. तिने काही क्षण बोट थांबवून धरलं. मग एक एक अक्षर मागून पुसत गेली. जी, बा, म, र, फा. गौहरला अजून त्या टकटकीचा आवाज आठवतो. त्या दिवशी तिला तो फार गोड लागला होता.

छाननीनंतर उमेदवारांची यादी लागली. चारजणी होत्या. त्यातली एक फरहाना बी. ती दुसऱ्या टोकाला राहायची, तिचा प्रचार कोणाला कुठे दिसला नाही. मतं फोडायला उभी केली असं काहीजण म्हणाले. कहकशां म्हणाली, "उभं राहायचा हक्क तिलाही आहे." आणि विषय संपला.

प्रचाराचे ते बारा दिवस गौहरने लेकीच्या स्वयंपाकघरात काढले. कहकशां सकाळी सातला निघायची आणि दुपारी दोनला परत यायची, तेव्हा हातात पत्रकांपेक्षा कागदच जास्त असायचे. मत मागायला गेलेल्या प्रत्येक घरी कोणाचं तरी काहीतरी अडलेलं. मुजफ्फर चिडायचा. "मत मागून राह्यली का फारम गोळा करून राह्यली?" ती ओट्यावर बसून पाण्याचा तांब्या एका दमात संपवायची. पायांची सूज तेव्हाच दिसू लागली होती. गौहरने विचारलं तर म्हणायची, "चालल्यामुळे. निवडणूक झाली की उतरेल."

त्यातल्याच एका दुपारी दारात गलका झाला. दुसऱ्या बाजूची फेरी गल्लीत आली होती. पुढे अमरची बायको हात जोडून, मागे बाया, आणि सगळ्यांत पुढे घुसलेली अमरची आई, विमलताई.

"गव्हर आहे का वं घरात?" विमलताईंचा आवाज ओट्यावरून आला. "आली म्हणून समजलं मले! ए गव्हर!"

गौहर चुलीपाशी उभी होती. हातात उलथनं. कॉलेजची तिन्ही वर्षं ती आणि विमल एका बाकावर बसल्या होत्या आणि तिन्ही वर्षं विमल तिला गव्हरच म्हणत होती. गौहर दर वेळी दुरुस्त करायची, "गव्हर नाही, गौ-हर." विमल म्हणायची, "तेच तं म्हटलं मी." लग्न होऊन विमल आर्णीला आली. पुढे तिची लेकरं, हिची लेक, आणि भेटणं कधी थांबलं ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

गौहर बाहेर गेली नाही. उलथनं तसंच धरून ती भिंतीला टेकून उभी राहिली. लेकीच्या विरोधात मत मागायला आलेली बाई ही, तिच्यापुढे हसून कसं जायचं?

"अम्मी नमाज पढत आहेत, काकू," कहकशांने बाहेर सांभाळून घेतलं.

"असू दे, असू दे. हे पत्रक ठेव. अमरचा नंबर छापला हाय त्याच्यावर, तो नोको. मागं माह्या हातानं लिहिला हाय, तो तिले दे. म्हणा, विमल येऊन गेली."

तव्यावरची भाकरी करपली होती.

*

मोजणीच्या दिवशी दुपारपर्यंत सगळं आटोपलं. अमरची बायको आली. कहकशां सव्वीस मतांनी मागे. फरहाना बीला दोनशे चौदा. गौहरने तो तिसरीचा आकडा कानाआड केला. सव्वीस, सव्वीस, हेच डोक्यात फिरत राहिलं.

तिला वाटलं, चला, झालं. लेक थोडी रडेल, दोन दिवस झोपून काढेल, पाय उतरतील. कहकशां रडली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला दारात एक बाई उभी, हातात राशन कार्ड. "बाजी, पडल्या म्हणते तुमी? बरं, हे पाह्यजा जरा, याच्यात माह्या पोराचं नाव काहून नाई आलं." कहकशांने चष्मा लावला आणि कार्ड हातात घेतलं.

*

आणि आता तो दिवस, बाकाचा.

जीप सुटली. गौहर लेकीच्या घरी पोचली तर ओट्यावर हंसाबाई बसलेली. पलीकडच्या बंजारा वस्तीतली, सत्तरीची, हातांत बलोती, म्हणजे जुन्या पांढऱ्या बांगड्या, एका डोळ्यात मोतीबिंदू.

"फारम बाजीची माय ना तुमी?" तिने मान वर करून विचारलं. "नाक तसंच हाय."

"हो. बसा, बसा."

"बसलोच हाय मी सकाळपासून. माह्या आधारवर अजून जुन्या तांड्याचा पत्ता हाय ना. निराधारचा पगार बंद होईन म्हणते. मी त्या अमरभाऊकडे गेलतो. तो म्हणते, ज्याले मत देलं त्याच्याकडून घे सही. म्या म्हटलं, हो, देलं फारम बाजीले! कायले लपवू? मंग बाजी म्हणे, आणा मावशी, मीच जातो तुमचा कागद घेऊन."

गौहर आतून पाणी घेऊन आली. हंसाबाईने तांब्या वरून तोंडात ओतला, पदराने तोंड पुसलं. तिला सांगायचंच होतं.

"एकलं मतच नाई देलं आई, सारी लाईन घेऊन गेलतो मी. चाळीस-पन्नास बाया असतीन. ते तुमच्या पोरीचं खरं नाव, ते काई आमच्या तोंडात येत नाई. काय ते, कशाकशा. अन् चित्रं मले दिसत नाई. दोन नगरसेवकाचे अन् एक अध्यक्षाचं, तीन-तीनदा दाबा लागते, त्याच्यात बाया भेतात. मंग मीच साऱ्याइले शिकवलं. म्हटलं, काई पाहू नोका. फक्त फ पाहजा."

"फ?"

"फ फारमचा. हे काय, इथंच तं लिहेल हाय." हंसाबाईने मागे न वळता दाराकडे अंगठा केला. "प ले शेपूट असलं का तो फ. तेवढं एक अक्षर येते मले, याच दारावरून शिकलो. म्हटलं, फ दिसला का दाबजा अन् बाहेर निघजा. एकीनंबी चूक केली नाई. वस्तीतल्या बायाइनं त्याहीकडच्या बायाइले सांगतलं. साऱ्याइनं फ वरच दाबलं बाप्पा. तरी बाजी पडली कशी, तेच मले समजून नाई राह्यलं."

गौहरने दाराकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. पिवळ्या रंगातला तो फ चांगला वीतभर होता.

फरहाना बी. दोनशे चौदा.

तेवढ्यात कहकशां आली. सावकाश, एकेक पाऊल मोजून टाकत. फाईल ओट्यावर ठेवली, खांबाला धरून खाली बसली.

"मावशी, आज काही जमलं नाही, सोळाही कागद तसेच परत आणले. त्यांच्याकडे गर्दी होती. परवा पुन्हा जाते."

"असू दे याडी," हंसाबाई म्हणाली. ती तिला याडीच म्हणायची. तिच्या बोलीत याडी म्हणजे आई. "तुह्या मायले मी फ चंच सांगून राह्यलो होतो."

कहकशांची नजर झटकन आईकडे गेली आणि तितक्याच झटकन परत फिरली. "ते राहू द्या हो मावशी. चहा घेतला का?"

त्या एका नजरेत गौहरला सगळं समजलं.

हंसाबाई गेल्यावर गौहरने पाणी तापवलं, त्यात मूठभर मीठ टाकलं, घमेलं ओट्यावर आणलं आणि लेकीचे पाय त्यात ठेवले. कहकशां नको नको म्हणत राहिली. बोटाने दाबलं की सुजेत खळगा पडत होता आणि भरायला वेळ लागत होता.

"डॉक्टरला दाखवलंस?"

"दाखवीन."

"तुला माहीत होतं."

"काय?"

"फरहानाचं."

कहकशां पाण्यात बोटं हलवत राहिली. "मोजणीच्या दिवशीच. आपल्याच बूथवर तिला एकशे त्रेसष्ट. ती या गल्लीत कधी आलीसुद्धा नव्हती, अम्मी. मी आधी चक्रावले, मग मावशीच आल्या सांगायला. इतक्या खुशीत होत्या. त्यांना काय सांगू, मावशी, तुम्हीच मला पाडलं?"

"त्यांनी नाही पाडलं." गौहर म्हणाली. "मी पाडलं."

"म्हणूनच नव्हते सांगत. आता तू हेच घेऊन बसशील."

"ते उर्फ..."

"अम्मी. झालं ते."

शेजारी गॅरेजमध्ये मुजफ्फर एक गाडी चालू करून पाहत होता. ती चालू व्हायची आणि बंद पडायची.

"मग आता तरी सोड हे," गौहर म्हणाली. "त्याच्या दुकानात जाऊन बसू नकोस. चार महिने घरी राहा. बाया दुसरीकडे जातील."

"कुठे जातील?" कहकशांने खरंच विचारलं, जणू पत्ता माहीत असेल तर तिलाही हवा होता. मग म्हणाली, "थकले मी, अम्मी. खोटं कशाला बोलू. सकाळी दारावर थाप पडली की वाटतं, उघडूच नये. पण कागद हातात आला की हात आपोआप चष्म्याकडे जातो. मोठ्याने वाचलं, समजलं, मग ठेवून कसा द्यायचा?"

गौहरने टॉवेलने तिचे पाय टिपले.

"आणि ऐक. तू त्या दुकानावरून आलीस, जीप थांबली होती, मी पाहिलं तुला." कहकशां किंचित हसली. "ओढणी पुढे घेतलीस तरी ओळखतेच ना मी. माझ्यासाठी कोणाला काही बोलू नकोस. विमलकाकूंना तर मुळीच नाही. मी हरले आहे, पण गयावया करणार नाही."

"नाही बोलत," गौहर म्हणाली.

*

त्याला आठ दिवस. गौहर दारव्ह्याला परत आली होती आणि दिलेला शब्द तिने पाळला होता.

आज दुपारी तिने जफरच्या जुन्या शिलाई मशीनचा खण उघडला. दोरा काढायचा म्हणून उघडला, असं तिने स्वतःला सांगितलं. खणात रिळांच्या खाली विमलने ओट्यावर दिलेलं ते पत्रक होतं, तिनेच आर्णीहून आणून ठेवलेलं. पुढच्या बाजूला अमरची बायको हात जोडून. मागे निळ्या पेनाने दहा आकडे आणि त्याखाली विमलचं वळणदार अक्षर. शेवटच्या अक्षराचा काना खाली ओढून द्यायची जुनी सवय अजून तशीच होती. नाव लिहिलं होतं, 'गव्हरसाठी'.

बी.ए.च्या शेवटच्या वर्षी परीक्षेच्या फॉर्मवर पालकाची सही हवी होती. गौहरचे अब्बा धंद्याच्या कामाने ढाणकीला गेलेले, परत कधी येतील नक्की नाही, आणि फॉर्म भरायचा शेवटचा दिवस. ऑफिसातला कारकून म्हणाला, पुढच्या वर्षी या. पुढचं वर्ष म्हणजे लग्न, हे गौहरला माहीत होतं. ती कॉलेजच्या पायऱ्यांवर बसून रडत होती. विमलने फॉर्म तिच्या हातातून ओढून घेतला आणि सायकलवर टांग मारली. तासाभरात परत आली. 'पालक' या शब्दापुढे विमलच्या वडिलांची, मारोतरावांची सही होती. ओले हात धोतराला पुसून केलेली. एका कोपऱ्यात पाण्याचा डाग पडला होता.

"काय म्हणाले ते?" गौहरने विचारलं होतं.

"काई नाई. म्हणे, कुठं करू?"

त्या एका सहीवर गौहर बी.ए. झाली. त्या बी.ए.च्या ऐटीत तिने लेकीला आकाशगंगेचं नाव दिलं. त्याच ऐटीत दारावरचं नाव फॉर्मवरून पुसायला लावलं. आणि ती विमल दारात येऊन हाका मारत होती, तेव्हा भाकरी करपेपर्यंत ती भिंतीला चिकटून राहिली.

लेकीसाठी बोलायचं नाही, असा शब्द होता. बरं. लेकीसाठी नाही बोलणार. लेकीचं नावही घेणार नाही. हंसाबाईसाठी बोलेल. म्हणेल, विमल, मी दारात आले नाही, चुकले. नमाज नव्हते पढत. म्हणेल, तुझ्या बाबांनी मला बसवून ठेवलं नव्हतं गं, कुठं करू एवढंच विचारलं होतं. तुझ्या मुलाच्या खणातल्या शिक्क्यावाचून सोळा कागद अडले आहेत. त्यातला एक सत्तर वर्षांच्या म्हातारीचा आहे, तिने मत कोणाला दिलं ते मला विचार, मी सांगते. ऐकलंस तर हसशील. आणि जमलं तर आठवड्यातून एक दिवस सुनेला तो शिक्का घेऊन दर्ग्यामागच्या ओट्यावर पाठव. अमरला नाही, सुनेला. कागद तयार मिळतील, चहाही मिळेल.

विमल काय म्हणेल? कदाचित फोनच ठेवून देईल. कदाचित म्हणेल, पोराच्या कामात मी पडत नाही. अमरला कळेल, अमर दुकानात बोलेल, ते कहकशांच्या कानावर जाईल आणि ती चिडेल. चिडू दे. चिडली तर दोन दिवस बोलणार नाही. बाकावर बसण्यापेक्षा ते बरं.

बाहेर जीपवाला आर्णी, आर्णी म्हणून ओरडत होता. गौहरने चष्मा ओढणीच्या टोकाने पुसला. पत्रक पालथं करून मशीनच्या फळीवर ठेवलं आणि त्यावर कैचीचं वजन ठेवलं.

विमल फोन उचलेल आणि ओरडून म्हणेल, गव्हर का वं? या वेळी दुरुस्त करायचं नाही. हो म्हणायचं. हो, गव्हरच बोलते.

तिने एकेक आकडा पाहून दाबायला सुरुवात केली.